बंदुकीचा सायलेन्सर, शेतातलं रानडुक्कर आणि आवाजाचा धडा



सहावी ते आठवीच्या विज्ञानात ‘ध्वनी’ हा घटक येतो. कंपन, माध्यम, वारंवारिता, डेसिबल हे सगळं आपण फळ्यावर लिहून देतो. मुलं पाठही करतात. पण खरे प्रश्न येतात ते पुस्तकाबाहेरून. “बाई, पिक्चरमधे बंदुकीला नळी लावतात, मग फक्त ‘फुस्’ असा आवाज येतो. खरंच असं होतं का?” आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, “आमच्या मक्यात डुकरं येतात. अशी बंदूक असती तर बरं झालं असतं ना?”

नाशिक जिल्ह्यातल्या बहुतेक शाळांमधे असे प्रश्न येणारच. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागा आहेत, इगतपुरी-पेठ-सुरगाण्याकडे जंगलाला लागून शेतं आहेत, येवल्याकडे ममदापूर-राजापूरच्या माळावर काळविटं आहेत. पीक राखणं हा आपल्या मुलांच्या घरातला रोजचा विषय आहे. म्हणून हा प्रश्न “असलं काही विचारू नका” म्हणून गप्प न करता त्यातूनच ध्वनीचा धडा कसा घेता येईल, ते आज बघूया. यात विज्ञान आहे, थोडा कायदा आहे, आणि मुलांच्या कानाडोळ्यांची काळजीही आहे. ती सगळ्यात महत्त्वाची.

१) आधी शब्द समजून घेऊ

‘सायलेन्सर’ म्हटलं की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर बुलेट गाडी येते. ते अगदी बरोबर आहे, कारण दोन्हींचं नातं सख्खं आहे. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन अभियंत्याला १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट मिळालं. याच माणसाने मोटारीचा आवाज कमी करण्यावरही काम केलं. गंमत म्हणजे त्याचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे मशीनगनचे जनक. बंदुकांच्या सततच्या आवाजाने त्यांना उतारवयात नीट ऐकू येत नसे. बापाने आवाज वाढवला आणि मुलाने तो कमी करायचं यंत्र शोधलं, असं वर्गात सांगितलं की मुलांच्या लक्षात राहतं.

आजकाल जाणकार त्याला ‘सप्रेसर’ म्हणतात, म्हणजे आवाज दाबणारा. ‘सायलेन्सर’ या नावामुळे आवाज पूर्ण नाहीसा होतो असा समज होतो. तो खरा नाही. का ते पुढे पाहू.

२) गोळी सुटते तेव्हा आवाज कुठून येतो?

मुलांना हा प्रश्न आधी विचारा. “दारू पेटते म्हणून” असं उत्तर येईल. ते अर्धं बरोबर आहे. रायफल उडते तेव्हा मुख्यतः दोन मोठे आवाज होतात.

पहिला आवाज नळीच्या तोंडाशी होतो. काडतुसातली दारू जळून प्रचंड दाबाचा गरम वायू तयार होतो. तोच गोळीला पुढे ढकलतो. गोळी नळीबाहेर पडली की बाटलीचं बूच उडावं तसं होतं. मागचा वायू एकदम बाहेर येतो, फुगतो, आजूबाजूच्या हवेला धक्का देतो. तो धक्का म्हणजे आपल्याला ऐकू येणारा ‘धडाम’.

दुसरा आवाज खुद्द गोळीचा असतो. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. रायफलची गोळी पुष्कळदा याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने जाते. आवाजापेक्षा वेगाने जाणारी वस्तू हवा चिरत जाते आणि तिच्यामागे ‘कड्’ असा तडाखा उमटतो. लढाऊ विमानाचा जो ‘सोनिक बूम’ म्हणतात, त्याचंच हे छोटं भावंड.

हे समजावायला परदेशी उदाहरण लागत नाही. पोतराजाचा आसूड मुलांनी पाहिलेला असतो. तो कडाडतो तेव्हा दोरीवर दोरी आपटत नाही. आसुडाचं टोक क्षणभर आवाजापेक्षा जास्त वेगाने जातं, म्हणून तो कडाका होतो. हे ऐकून मुलं चकित होतात. आपल्या दारात येणारा पोतराज रोज ध्वनीचा वेग ओलांडून दाखवतो, बरं का!

३) सप्रेसर काय करतो?

स्वयंपाकघरातला कुकर आठवा. आत वाफ कोंडलेली असते. शिट्टीतून ती थोडी थोडी सुटली तर ‘फुस्स’ होतं. तीच वाफ एका क्षणात सुटली तर स्फोट होतो. वाफ तेवढीच असते, फरक पडतो तो किती वेळात बाहेर पडते याने.

सप्रेसर हेच करतो. नळीच्या पुढे बसवलेल्या या डब्यात एकामागे एक पडदे आणि कप्पे असतात. वायू कप्प्याकप्प्यांत अडतो, फिरतो, पसरतो, थोडा थंड होतो आणि सावकाश बाहेर पडतो. म्हणून पहिला आवाज बराच कमी होतो.

पण दुसऱ्या आवाजाचं काय? गोळी डब्यातून बाहेर पडली की ती तिच्या वेगाने जाणारच. तिचा कडाका सप्रेसर थांबवू शकत नाही. तो टाळायचा तर आवाजापेक्षा कमी वेगाची गोळी वापरावी लागते, आणि मग तिची ताकद व पल्ला दोन्ही घटतात. सिनेमातली ‘फुस्’ सिनेमातच राहते ती यामुळे.

४) आकडे काय सांगतात?

फळ्यावर ही छोटी यादी लिहा.

• साधं बोलणं – सुमारे ६० डेसिबल
• आठ तास सतत ऐकता येईल अशी कामाच्या ठिकाणची सुरक्षित मर्यादा – ८५ डेसिबल
• जवळून ऐकलेला ढोल-ताशा – शंभराच्या पुढे जाऊ शकतो
• फटाक्याची कायदेशीर मर्यादा – फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल
• बंदूक, रायफल – साधारण १४० ते १७० डेसिबल
• सप्रेसरमुळे होणारी घट – साधारण २० ते ३५ डेसिबल

आता गणित घाला. १६५ डेसिबलच्या रायफलला सप्रेसर लावून ३० डेसिबल कमी झाले, तर उरले किती? १३५. म्हणजे नाशिक ढोलाच्या पथकापेक्षाही जास्त!

इथे मुलं विचारतात, “मग उपयोग काय झाला?” डेसिबल समजावण्याची हीच वेळ. डेसिबलची मोजणी फूटपट्टीसारखी सरळ नसते. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट बदलते. ३० डेसिबल घट म्हणजे दहा गुणिले दहा गुणिले दहा, हजारपट कमी ऊर्जा. कानाला मात्र दर १० डेसिबलला आवाज अंदाजे निम्मा वाटतो. त्यामुळे हजारपट ऊर्जा कमी होऊनही आवाज आठव्या हिश्श्याएवढा जाणवतो. घात, गुणाकार, अपूर्णांक, सगळं एकाच उदाहरणात आलं. गणिताच्या सरांनाही बोलवा.

५) मग लोक तो वापरतात कशाला?

परदेशात शेताची नासधूस करणाऱ्या छोट्या प्राण्यांची शिकार चालते. न्यूझीलंडचं उदाहरण घ्या. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी एकोणिसाव्या शतकात तिथे ससे नेऊन सोडले. त्यांना खाणारे प्राणी तिथे नव्हते. ससे इतके वाढले की गवताळ कुरणं उजाड व्हायला लागली. आजही तिथले शेतकरी ससे मारतात आणि त्यासाठी सप्रेसर लावलेली रायफल वापरणं तिथे नेहमीचं आहे. नॉर्वे, फिनलंडमधेही शिकारीत सप्रेसर सर्रास दिसतो. कारणं साधी आहेत. शिकाऱ्याचा आणि त्याच्या कुत्र्याचा कान वाचतो, शेजाऱ्यांना त्रास कमी होतो, बंदुकीचा झटका कमी बसतो, आणि एका गोळीने बाकीचे प्राणी लगेच उधळत नाहीत.

अमेरिकेत मात्र १९३४ च्या कायद्याने सायलेन्सरवर नोंदणी आणि २०० डॉलरचा कर बसवला. त्या काळात ही रक्कम भलतीच मोठी होती. म्हणजे एकाच वस्तूकडे एक देश कानाचं संरक्षण म्हणून बघतो, दुसरा गुन्ह्याचं हत्यार म्हणून. मुलांना विचारा, तुम्हाला काय वाटतं? आठवीच्या वर्गात यावर छान चर्चा होते.

६) आपल्याकडे उलटं का आहे?

या पाठातला मला सगळ्यात आवडणारा भाग हा आहे. तिकडच्या शिकाऱ्याला आवाज नको असतो. आपल्या शेतकऱ्याला आवाज हवा असतो!

आपल्याकडची राखण पिढ्यान् पिढ्या आवाजावर चालत आली आहे. माळ्यावर बसून डबा वाजवणं, हाकारे घालणं, गोफण फिरवणं, फटाके लावणं. उद्देश एकच, जनावर किंवा पाखरू मारायचं नाही, पळवायचं. ज्वारीवरची पाखरं गोफणीच्या दगडाने मरत नसत, गोफणीच्या आवाजाने उडत. आजोबांना विचारायला सांगा, ते करूनही दाखवतील.

पण आवाजालाही मर्यादा आहे. रोज त्याच वेळी, त्याच ठिकाणी, तसाच आवाज आला आणि त्यातून धोका काहीच झाला नाही, तर प्राणी त्याला सरावतात. बुजगावण्याच्या डोक्यावर बसलेली साळुंकी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. म्हणून आवाजाची जागा आणि वेळ बदलत राहणं, त्याला जाळी, कुंपण आणि एकत्रित राखण यांची जोड देणं, हे जास्त उपयोगी पडतं. द्राक्षबागेवर पक्ष्यांसाठी जाळी टाकतात ती याचमुळे.

७) कायदा थोडक्यात

मुलांना कलमं पाठ करायला लावू नका. पण पालकांनी एवढं माहीत ठेवावं.

• शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक ठेवणं गुन्हा आहे. पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची तरतूद या कायद्यात आहे.
• बंदुकीचा आवाज किंवा ज्वाळा कमी करणारं साधन शस्त्र नियमांच्या यादीत प्रतिबंधित शस्त्रांच्या वर्गात येतं. म्हणजे सप्रेसर ही वस्तू सर्वसामान्य शेतकऱ्याला किंवा हौशी माणसाला मिळणारी नाहीच. ऑनलाइन व्हिडिओ पाहून घरी काही करून बघणं तर सरळ गुन्हा आणि जिवाशी खेळ.
• वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार रानडुक्कर, नीलगाय (आपल्याकडे रोही) हे संरक्षित प्राणी आहेत. ते उभ्या पिकाला धोकादायक झाले, तर कलम ११ खाली वन विभागाचा अधिकृत अधिकारी कारण नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत अशा परवानगीची पद्धत ठरवून दिली.
• काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याने पीक खाल्लं एवढ्या कारणावरून त्याला मारण्याची परवानगी मिळत नाही. येवल्याच्या मुलांना हे जरूर सांगा.
• वन्यप्राण्यांनी पिकाचं नुकसान केलं तर शासनाकडून भरपाई मिळते. त्यासाठी लगेच वन विभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा लागतो. उशीर केला तर हक्क हातचा जातो.

जुन्या कायद्यात पाचवी अनुसूची होती. तिच्यात कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर आणि घुशी यांना ‘उपद्रवी’ म्हटलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली. एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक काळासाठी उपद्रवी जाहीर करण्याचा केंद्र सरकारचा अधिकार मात्र कायम आहे. २०१५-१६ मध्ये बिहारमध्ये नीलगाय व रानडुक्कर, उत्तराखंडमध्ये रानडुक्कर आणि हिमाचलमध्ये माकडं अशा पद्धतीने उपद्रवी जाहीर झाली होती. त्यावरून २०१६ मध्ये केंद्रातल्याच दोन मंत्र्यांमध्ये जाहीर मतभेद झाले. एक बाजू म्हणत होती शेतकरी वाचला पाहिजे, दुसरी म्हणत होती ही कत्तल आहे. दोन्ही बाजूंना आपापलं दुःख आहे. वर्गात दोन्ही बाजूंनी मुलांना बोलू द्या. ज्याच्या घरचा मका एका रात्रीत आडवा झाला, त्या मुलालाही बोलू द्या. त्याला “प्राण्यांवर दया करा” एवढंच ऐकवून खाली बसवणं हा अन्याय आहे.

आणि एक मुद्दा आवाजाचा. जंगलात चोरटी शिकार झाली तर वनरक्षकाला पहिली बातमी कोण देतं? बंदुकीचा आवाज. तोच दाबून टाकला तर पकडणार कसं? सप्रेसरवर आपल्याकडे एवढी कडक बंदी का, हे या एका उदाहरणाने मुलांना पटतं.

८) पालकांनो, हे नक्की वाचा

सप्रेसर आपल्या गावात येणार नाही. पण दुसऱ्या काही गोष्टी येतात, आणि त्या मुलांच्या हाताला लागतात.

कार्बाइड गन : प्राणी-पाखरं पळवायला काही शेतांत ही वापरतात. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन वायू तयार होतो. वेल्डिंगच्या दुकानात असतो तोच. तो पेटला की मोठा बार होतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात भोपाळ, विदिशा, ग्वाल्हेर भागात हीच वस्तू खेळणं म्हणून विकली गेली. शंभराहून जास्त लोकांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यात बहुतेक मुलं होती, आणि काहींची दृष्टी गेली. बार झाला नाही म्हणून मूल नळीत डोकावतं आणि त्याच क्षणी तो होतो. शेतात ही वस्तू असेल तर ती कुलपात हवी. मुलांच्या हातात कधीही नको.

गावठी बॉम्ब : रानडुकरांसाठी खाण्यात लपवून ठेवलेली ही स्फोटकं बेकायदेशीर आहेत. गुरं आणि कुत्री यांनी जखमी होतात, माणसंही. रानात पडलेला अनोळखी गोळा, पुडी, डबा उचलायचा नाही, हे पहिलीपासूनच्या मुलांना सांगा.

कुंपणात सोडलेली घरची वीज : हा तर मृत्यूचा सापळा. त्यात डुकराआधी शेजारचा माणूस जातो. प्रमाणित सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा आणि मर्यादित असतो. थेट तारेवरून घेतलेली वीज तशी नसते. दोन्हींतला फरक विजेच्या पाठात समजावून सांगा.

आणि कान : आंतरकर्णात केसांसारख्या अतिसूक्ष्म पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बार झाल्यावर कानात ‘सूंऽऽ’ आवाज येत राहिला तर ती धोक्याची घंटा समजा. आवाज थांबला म्हणजे कान पूर्ण बरा झाला असं नाही. वर्गात मागे बसून सारखं “काय?” विचारणारं मूल दुर्लक्ष करतंय असं धरू नका. आधी त्याचे कान तपासून घ्या.

९) वर्गात घ्यायच्या कृती

कृती १ – दोन फुगे : एकाच आकाराचे दोन फुगे फुगवा. एक टाचणीने फोडा, दुसऱ्याचं तोंड किंचित उघडून हवा सोडा. हवा सारखीच, मग आवाजात फरक का? सप्रेसरचं तत्त्व मुलं स्वतःच सांगतील. (फुगा चेहऱ्यापासून लांब धरा.)

कृती २ – गजराचं घड्याळ : गजर वाजणारं घड्याळ आधी उघडं ठेवा, मग खोक्यात, मग खोक्यात गोधडी गुंडाळून. मोबाईलवरच्या आवाज मोजणाऱ्या अ‍ॅपने प्रत्येक वेळी आकडा घ्या. अ‍ॅप अगदी अचूक नसतं, पण तुलना करायला पुरतं. कोणत्या वस्तूने आवाज जास्त अडवला, त्याचा तक्ता बनवा.

कृती ३ – आधी दिसतं, मग ऐकू येतं : मैदानावर किंवा मोकळ्या रस्त्याच्या कडेला साधारण १७० मीटरवर एका मोठ्या मुलाला थाळी वाजवायला उभं करा. हात आपटलेला दिसतो आणि आवाज अर्ध्या सेकंदाने येतो. देवळालीजवळच्या गावांतल्या मुलांना याचा अनुभव आधीच असतो. तिथे लष्कराच्या तोफखाना विद्यालयाचा सराव चालतो. लांबवर धूर किंवा ज्वाळा दिसल्यापासून आवाज येईपर्यंत तीन सेकंद गेले, तर अंतर किती? ३४३ × ३ = १०२९ मीटर, म्हणजे एक किलोमीटरपेक्षा थोडं जास्त. विजेच्या कडकडाटालाही हेच गणित लावा.

कृती ४ – राखणीची नोंदवही : प्रत्येक मुलाने घरी विचारून लिहायचं. आपल्या शेतात कोणते प्राणी-पक्षी येतात? कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी? आजोबा काय करायचे, आता काय करतो, कशाचा उपयोग झाला? शहरातल्या मुलांनी गाड्यांच्या हॉर्नची आणि बदललेल्या सायलेन्सरची नोंद करायची. शाळेभोवतीचं १०० मीटरचं क्षेत्र शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतं आणि अशा क्षेत्रात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे, हे सांगून शाळेच्या फाटकाशी मोजायला लावा. आकडा पाहून मुलंच बोलू लागतील.

कृती ५ – बिनआवाजाचे राखणदार : उंदीर-घुशी हे पिकाचे मोठे शत्रू. त्यांच्यासाठी ना बंदूक लागते ना सप्रेसर. धामण आणि घुबड हे काम रात्रंदिवस करतात. घुबडाच्या पिसांची कड झालरीसारखी मऊ असते. त्यामुळे हवा अलगद वाहते आणि उडताना आवाज जवळजवळ होत नाही. निसर्गाने केलेला हा सप्रेसरच! शेतात पक्षी थांबे उभारणं, धामण दिसली की काठी न उचलणं, उंदरांसाठी विष टाकताना ते खाऊन घुबडही मरू शकतं हे लक्षात ठेवणं, यावर मुलांकडून एक भित्तिपत्रक करून घ्या. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा.

१०) मूल्यमापनासाठी प्रश्न

१. सप्रेसर लावूनही रायफलचा आवाज पूर्ण का जात नाही?
२. आसुडाचा कडाका आणि गोळीचा कडाका यांत काय साम्य आहे?
३. १५० डेसिबलचा आवाज १२० वर आला, तर ऊर्जा किती पट कमी झाली?
४. न्यूझीलंडच्या शिकाऱ्याला शांतता का हवी आणि आपल्या शेतकऱ्याला आवाज का हवा?
५. तुमच्या शेतात रानडुकरांनी नुकसान केलं, तर तुम्ही सगळ्यात आधी काय कराल?

पाचव्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पण “वन विभागाला कळवू, पंचनामा करून घेऊ, शेजाऱ्यांसोबत मिळून राखण करू” असं काही मुलांनी लिहिलं, तर धडा पोचला असं समजा. आणि एखाद्याने “डुकराला का यावं लागतं, ते पण बघू” असं लिहिलं, तर त्याला दोन गुण जास्त द्या.

आपल्या वर्गात या कृती करून पाहा. नोंदवहीत मुलांनी काय लिहिलं ते जरूर कळवा. आजोबा-आजींच्या राखणीच्या जुन्या युक्त्या मिळाल्या तर त्याही पाठवा. त्या कुठल्याच पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत.